मामाची मॅग्नम आणि माझी हलकी बंदूक

...आणि हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, मी मान डोलावलीय, वचनच म्हणा ना, पण मान डोलावणं हाच तर माझा जन्माचा घोटाळा आहे! मला ‘नाही’ म्हणता येत नाही. समोरचा बोलत असतो, मी मान डोलावत असते आणि त्याला वाटतं, पोरीला पटलं! तक्रार नाही हं माझी, माणसं फार चांगली आहेत, नुसत्या प्रेमानं बोलतात... पण तुम्हीच सांगा, एका बंदुकीसाठी एका माणसाला किती सल्ले लागतात?

झालं काय, की यंदा मला पहिल्यांदाच कॅम्पवर जायची परवानगी मिळाली. कॅम्प म्हणजे आमच्या आजोबांची जंगलातली झोपडी, तिथं नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, सगळं खानदान हरणं मारायला जमतं. त्या दिवशी आमच्या शाळेलाही सुट्टी असते, नाहीतर मास्तरच वर्गात सापडायचे नाहीत! पण आजोबांची एक अट. नवशिक्यानं आधी शंभर यार्डांवर कागदी ताटलीत तीन गोळ्या मारायच्या. तिन्ही ताटलीत. एक जरी बाहेर गेली तर घरी बसायचं. आजोबा फार बोलत नाहीत, पण हे एक वाक्य ते देवळातल्यासारखं म्हणतात, “जनावराला लंगडत सोडायचं असेल, तर घरी बटाटे सोल.” आणि मी चौथीत असल्यापासून दर वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बटाटेच सोलतेय हो! गाड्या निघतात, सगळे शिकारीच्या नारिंगी टोप्या हलवतात, आणि मी सोलतेय! म्हणून ठरवलं, यंदा काहीही होवो, मी जाणार.

तर बंदूक हवी. पैसे माझे, उन्हाळाभर काट्यांतून रानबेऱ्या तोडून, मुरंबा करून, रस्त्याकडेला टेबल मांडून विकून जमवलेले, म्हणजे बंदूक स्वस्तातलीच हवी, आणि बंदुकीवर बसवायची दुर्बीणही त्याच पैशांत यायला हवी. माझ्या वयाला दुकानात बंदूक विकत देत नाहीत, सोबत मोठं माणूस लागतं, आणि मोठं माणूस म्हटलं की आमच्या घरात एकच आवाज येतो, रेनोमामा!

रेनोमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. दारातून आडवा आत येतो एवढा मोठा, आणि आवाज त्याहून मोठा. “आयली! ऐक! हलकीसलकी बंदूक घ्यायची नाही! तीनशे मॅग्नम घे, दांडगी! एकदा वाजली की हरीण पडतं, शेजारचं हरीण घाबरून पडतं!” त्याच्या उजव्या भुवईवर अर्ध्या चंद्रासारखा व्रण आहे. बंदूक धक्का देऊन मागे आली आणि दुर्बिणीची कड कपाळात घुसली, त्याचा. तो त्याला पदक म्हणतो! “हे बघ, हे मिळाल्याशिवाय शिकारी होत नाही!” आता मला सांगा, पुढच्या आठवड्यात शाळेचे फोटो होते, मला ते पदक कशाला हवंय? पण मी काय केलं? मान डोलावली.

आईचं वेगळंच. “बंदूक घे पण बर्फातले बूट आधी घे.” शाळेच्या बसचा ड्रायव्हर तर आरशातून ओरडायचा, “पोरी, दुर्बीण चोवीस पटीची घे! मी घेतलीय! तळ्यापलीकडे माझ्या सासूच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं!” मी मान डोलावली. पुढच्या थांब्यापर्यंत त्याच्या सासूच्या चुलीवर काय काय शिजलं ते ऐकलं. उपकारच आहेत हो सगळ्यांचे, तक्रार नाही... पण माझी मान दुखायला लागली होती!

मग एका शनिवारी रेनोमामा म्हणाला, “घ्यायच्या आधी माझी मॅग्नम वाजवून बघ, म्हणजे कळेल बंदूक कशाला म्हणतात.” गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे, तिथं दोघंच गेलो. समोर मातीचा उंच कडा, त्याला ताटली टोचलेली. मी बंदूक खांद्याला लावली, आणि... काय सांगू! धडाम! मी मागे, टोपी पुढे, खांदा कुठं गेला ते कळेना! दुसऱ्या वेळेला मी आधीच डोळे गच्च मिटून घेतले, आणि गोळी ताटलीला तर नाहीच, कड्याच्या दुसऱ्याच टोकाला जाऊन बसली. मामा म्हणाला, “अगं तू दचकतेस! चाप ओढतेस हिसक्यानं! आण इकडे, काडतूस भर, मी दाखवतो.”

आता इथं माझ्याकडून चूक झाली. खांदा अजून ठणकत होता. मी खटका मागे ओढला, पुढे ढकलला आणि काडतूस घालायचंच विसरले! रिकामी बंदूक त्याच्या हातात दिली. तो ऐटीत बसला. “बघ हं. श्वास अर्धा सोडायचा. डोळे उघडे. चाप हळूऽऽ, लोण्यात बोट घातल्यासारखा...”

टिक्.

धडाम झालं असतं ना, तर काहीच दिसलं नसतं, आवाजात आणि धक्क्यात सगळं झाकून गेलं असतं. पण नुसतं टिक्! आणि मी बघतेय... रेनोमामाचे डोळे गच्च मिटलेले, मान कासवासारखी कोटात ओढलेली, ओठ दाताखाली, आणि नळी ताटली सोडून सरळ खाली, स्वतःच्या बुटांपुढच्या मातीकडे! एवढा मोठा माणूस, आणि असा आक्रसून बसलेला, जणू कुणी अंगावर गार पाणी ओतणार आहे.

मग त्यानं एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. कड्यावर एक कावळा होता, त्यानंही पाहिलं.

“आयली.”

“हो, मामा?”

“तू काही पाहिलंस?”

“नाही, मामा.”

“गुणी पोर आहेस.”

आणि मग मामा उठला. गाडीच्या मागच्या फळीवर बसला, थर्मासमधली कॉफी ओतली, मलाही दिली, एरवी मला कॉफी कुणी देत नाही. आणि त्या आवाजात, जो घरात कुणी ऐकलेला नाही, म्हणाला, “तुझ्या आईच्या लग्नाच्या साली घेतली ही. पहिल्याच दिवशी कपाळ फोडलं तिनं माझं. तेव्हापासून...” कॅम्पवर सगळे त्याला चिडवतात, ‘काय रेनो, यंदाही हरणं रजेवर का?’ आणि तो गडगडाट करून हसतो, म्हणतो माझ्या मचाणाखालून हरणं जातच नाहीत. मी हळूच विचारलं, “खरंच जात नाहीत?”

“जातात की गं. दर वर्षी जातात. उभी राहतात, माझ्याकडे बघतात. पण मला माहीत आहे ना, मी मारली तर कुठंतरी लागेल आणि ते लंगडत जाईल. म्हणून... जाऊ देतो.”

तुम्हाला सांगते, मी कॉफीचा कप खालीच ठेवला. आजोबांची अट नवशिक्यांनाच असते, जुन्यांना ताटली कोण विचारतो? आणि हा बाप्या इतकी वर्षं ती अट मनातल्या मनात पाळत होता, स्वतःच, कुणाला न सांगता!

दुसऱ्या आठवड्यात आम्ही गावातल्या व्हर्नामावशीच्या दुकानात गेलो. तिथं खिळेही मिळतात, मासे पकडायचे गळही आणि बंदुकाही. मामा तोंड उघडतो तोवर तिनं एक हलकी बंदूक माझ्या हातात दिली. “मागचा दस्ता कोपराच्या खोबणीत ठेव. बोट चापापर्यंत पोचतं? पोचतं. मग ही तुझी. धक्का कमी, आणि आपल्या जंगलात साठ पावलांपलीकडे दिसतं काय? हरीण पडायला पुरे आहे.” मी घाबरत घाबरत चोवीस पटीच्या दुर्बिणीचं विचारलं. “बाई गं, तुला हरीण मारायचंय की चंद्रावरचे खड्डे मोजायचेत? साठ पावलांवर तिच्यातून तुला हरीण दिसणारच नाही, हरणाचा एक केस दिसेल! तीन ते नऊ पटीची घे, साधी. आणि हे लक्षात ठेव, बंदुकीत काटकसर कर, दुर्बिणीच्या काचेत नको. संध्याकाळी अंधारायला लागलं की स्वस्त काच आधी झोपते.” मी मान डोलावली, आणि पहिल्यांदाच मला खरंच पटलं होतं!

मामा म्हणाला, “मी जरा तपासतो, पोरीसाठी.” खांद्याला लावली. आणि खाली उतरवेचना! खिडकीतून बाहेर, छताकडे, परत खिडकीतून... व्हर्नामावशी म्हणाली, “रेनो, बंदूक पोरीसाठी घेतोयस ना?” “तपासतोय!” “दस्ता आखूड पडतोय तुला.” तर हा विचारतो, “मग लांब करता येतो का?” येतो म्हणे, मागे चकत्या बसवायच्या, मुलं वाढतात तशा. “द्या! पोर वाढेल अजून!” अहो, दोन वर्षांत माझी उंची बोटभर वाढलेली नाही!

पण तक्रार नाही. गेल्या रविवारी मी आजोबांसमोर ताटली लावली. डोळे उघडे ठेवले. तीन गोळ्या. आजोबा स्वतः चालत गेले, प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं, ताटलीची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “चल.” एवढंच. त्या एका शब्दावर मी घरापर्यंत तरंगत आले! मामा मागून गरजतोय, “मी शिकवलं तिला! मी!” आणि खरंच त्यानंच शिकवलं हो, फक्त कसं ते मला सांगता येत नाही.

मग काल संध्याकाळी तो आला. टोपी हातात. स्वयंपाकघराच्या दारात उभा, आवाज अगदी बारीक. “आयली, तू दुपारी मटण-बटाटा भरलेली गरम पेस्टी खायला परत येशील ना झोपडीवर? तोवर... म्हणजे तू खाऊन जरा आराम करशील ना? तर तेवढ्या वेळात... संध्याकाळपर्यंत...” आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघतोय!

मी काय करणार? मान डोलावली. म्हणजे ठरलं, उन्हाळाभर बोटं सोलून मी बंदूक घेतली, पहाटेची थंडी आणि अंधार माझा, आणि हरणं बाहेर पडायची वेळ झाली की बंदूक मामाची! आणि खरं सांगू का, मला त्याचं वाईटही वाटत नाहीये, कारण आमच्या दोघांत यंदा एकच हरीण यायचं असेल ना, तर मला वाटतं ते मामाच्याच...

“आयलीऽऽ! गाडी सुरू झालीय! बंदूक घेतलीस का? तुझी बंदूक गं, तुझी!”

आले, मामा! बघा, ‘तुझी, तुझी’ म्हणून किती मोठ्यांदा ओरडतोय, आणि चकत्या आत्तापासून स्वतःच्याच खिशात घालून बसलाय, बरं का, तुम्ही मात्र यातलं कुणाला काही...