गिरधरच्या मिशीतले तीन बाण

चिंधा आबा : कोकिळे, मी आता जे सांगणार, त्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस. तूच काय, बठ्ठ्या असोदा गावात कोणी ठेवणार नाही. मीच माझ्यावर दोन दिवस ठेवला नव्हता.

कोकिळा : आबा, माझ्याकडे तासभर आहे. तीन वाजता हेडसर आणि गिरधर इथं परसात पाहणी करायला येणार आहेत. मी दीपनगरहून रजा टाकून आले, ती गोष्ट ऐकायला नाही. गिरधरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, त्याच्या फोटोच्या मिशीत तीन बाण घुसले. ते कसे, एवढंच सांगा.

चिंधा आबा : तेच सांगू राहिलो. पण मुळापासून सांगावं लागते.

कोकिळा : मूळ मला पाठ आहे. दिपमाला शाळेच्या मैदानावर तिरंदाजीचा सराव करत होती. गिरधरला तिथं पुतण्याची क्रिकेटची टुर्नामेंट घ्यायची होती. शाळा समितीचा अध्यक्ष तो. माझ्या पोरीच्या हातातलं धनुष्य ओढलं, गुडघ्यावर मोडलं आणि तुकडे तिच्याच हातात दिले. म्हणाला, चुलीत घाल, भाकरी तरी शेकली जाईल.

चिंधा आबा : वीस माणसं उभी व्हती. दात न दाखवणारा एकही नव्हता. त्या दिवशी मी मारुतीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, या गिरधरचं नाक गावात खाली करीन तेव्हाच चहात साखर घेईन.

हाशम : साखर डॉक्टरनं बंद केली बेटी. दोन साल झाले. शुगर आहे त्यांना.

चिंधा आबा : हाशम, तुले चहा पाजला ना? पी.

हाशम : पीतोय. फिक्का आहे.

कोकिळा : पुढं सांगा.

चिंधा आबा : पुढं काय, पोर तीन दिवस बोलली नाही. तुकडे उशाशी घेऊन झोपे. मी म्हटलं, मैदान त्याच्या बापाचं, परस तर माझं आहे ना? आपण इथंच मैदान करू. धनुष्य घरी करू, बाण घरी करू, निशाणा घरी करू. वेळू आणायले मी स्वतः गेलो सातपुड्यात. यावलच्या वर, एकटा. वेळूच्या बेटात शिरलो तर आत वाघ बसलेला. मी म्हटलं, बाबा, माझं तुझं काही वैर नाही, माझं वैर असोद्यात आहे. तो उठला, बाजूले सरकला, आणि शेपटीनं दाखवलं, हा घे, हा पिकलेला आहे.

हाशम : जळगावच्या बुरूड गल्लीतून घेतला. मी सोबत होतो. येताना एसटीत कंडक्टरनं आत घेऊ दिला नाही तर दोघांनी रिक्षाच्या टपावर बांधून आणला.

चिंधा आबा : बुरडानं कुठून आणला व्हता? सातपुड्यातूनच ना?

कोकिळा : आबा, वाघ राहू द्या.

चिंधा आबा : राहिला. वेळू चिरला, विस्तवावर शेकला, तेल पाजलं, वाकवला. आता दोरी पाहिजे. नायलॉनची लावली, ती ताणली की सैल पडे. मंग या हाशमच्या घरी खुंटीवर त्याच्या बापाची पिंजण लटकलेली. कापूस पिंजायची. तिले काय सुरेख तांत, आतड्याची दोरी! मी म्हटलं, दे.

हाशम : मी नाही म्हटलं. तीन वेळा नाही म्हटलं. मशीन आल्यापासून त्या पिंजणला कोणी हात लावला नाही, पण बाप रोज तिला पुसायचा. मग दिपमाला आली. काही बोलली नाही. ते दोन तुकडे दाखवले फक्त. मी खुर्चीवर चढून तांत काढून दिली.

चिंधा आबा : आता हे आयक, हे तर अजिबात खरं वाटणार नाही. तांत चढवली आणि मी पहिल्यांदा ओढून सोडली. असा नाद निघाला, टण्णं! आणि पाच मिनिटात दारात बाया उभ्या, डोक्यावर जुन्या गाद्या घेऊन. पिंजारी आला म्हणून!

कोकिळा : हाशमचाचा, हेही रिक्षातून आलं का?

हाशम : नाही बेटी. हे खरं आहे. चार बाया आल्या. भागाबाईनं तर गादी उसवूनच आणली होती. दोन गाद्या भरून द्याव्या लागल्या मला.

कोकिळा : बरं. बाण?

चिंधा आबा : कामट्या तासल्या. टोकाले छत्रीच्या तारा. मागं पिसं पाहिजेत. कोंबडीची लावली तर बाण कोंबडीसारखा उडे, दोन हात जाऊन खाली बसे. मंग मी एक्सरे कापला.

कोकिळा : कोणता एक्सरे?

चिंधा आबा : होता एक.

कोकिळा : आबा, आईच्या गुडघ्याचा?

चिंधा आबा : तिचा गुडघा काही बरा झाला नाही, पण बाण सरळ जाऊ लागला. बघ ना उन्हात धरून, दर बाणावर हाड दिसते.

कोकिळा : आईला माहीत आहे?

हाशम : बेबाभाभीला सांगितलं, एक्सरे उंदरानं खाल्ला.

कोकिळा : तुम्ही दोघांनी... जाऊ द्या. निशाणा. मुद्दा निशाण्याचा आहे. हेडसर मला फोनवर काय म्हणाले, नीट ऐका. ते म्हणाले, साहित्य घरचं होतं, चाचणी घेताना अपघात झाला असेल, तर मी परवाच्या धुळ्याच्या निवड चाचणीसाठी शाळेचं पत्र देतो. पण पोरीनं मुद्दाम नेम धरून मारलं असेल, तर पत्र नाही. आणि गिरधर म्हणतो, मुद्दामच मारलं. त्याची अट वेगळी. दिपमालानं सगळ्या गावासमोर त्याच्या फ्लेक्सपुढं उभं राहून त्याचे पाय धरायचे.

चिंधा आबा : त्याचे पाय? ज्या गुडघ्यावर धनुष्य मोडलं, त्या गुडघ्याच्या खालचे? माझी नात? त्याआधी मी ते फ्लेक्स फाडून त्याची चड्डी शिवीन.

कोकिळा : चिडून पत्र मिळत नाही. दोन वर्षं पोर या चाचणीसाठी थांबली आहे. वय निघून चाललंय, पुढच्या वर्षी या गटात बसणार नाही. म्हणून विचारते, बाण गेले कसे?

चिंधा आबा : निशाणा पहिल्यांदा केळीचा केला. बागेत घड उतरले व्हते, खांब पडलेलेच. सात खांब आडवे रचले. बाण आत जाई, पण निघेना. काढला की चीक. पोरीचे कपडे काळे, हात काळे, आणि चौथ्या दिवशी असा वास, की शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं. मंग पोत्याचा निशाणा केला. जुन्या खाटेची चौकट, चार पोती एकात एक, आत कापूस. भरायले कोण? हा हाशम. पिंजाऱ्याशिवाय कापसाले हात कोणी लावावा?

हाशम : हो. मी भरला.

चिंधा आबा : आणि तिथंच घोळ झाला! याची सवय. साठ वर्षं गाद्या भरल्या. याच्या हातात कापूस आला की हा पिंजणार. हलका करणार. पोतं असं भरलं, असं भरलं, की त्यावर डोकं ठेवलं तर झोप लागावी. पण बाण कसा थांबेल? वाढदिवसाच्या दिवशी बठ्ठं गाव गिरधरच्या पुढच्या अंगणात जेवायले बसलं व्हतं, मागच्या बोळात चिटपाखरू नाही. दिपमाला शाळेत. मी म्हटलं, निशाणा कसा झाला, पाहू. मी बाण मारला. तो पोत्यात शिरला जसा ढगात शिरावा, मागून निघाला, काट्यांच्या कुंपणातल्या फटीतून गेला, बोळ ओलांडला आणि गिरधरच्या घराच्या मागच्या भिंतीवर फ्लेक्स व्हता ना, त्यात. अपघात! शुद्ध अपघात!

कोकिळा : पहिला. मग दुसरा कशाला मारलात?

चिंधा आबा : पहिला कुठं गेला ते पाहायले.

कोकिळा : आणि तिसरा?

चिंधा आबा : दोघांवर विश्वास बसेना म्हणून.

कोकिळा : आणि तिन्ही मिशीत.

चिंधा आबा : मिशी केवढी केली त्यानं! पंधरा फुटाचं फ्लेक्स. त्याच्या खऱ्या मिशीत सुई ठेवली तर खाली पडेल, पण स्टुडिओवाल्यानं दोन हाताची काढली. दुसरीकडं जागाच नव्हती बाणाले. आणि आता काय झालंय माहीत आहे का? वारा आला की त्या तीन भोकातून मिशी शिट्टी वाजवते. गाव जमा होते आयकायले!

हाशम : आता हे—

कोकिळा : वाजते. बोळातून येताना ऐकली मी.

चिंधा आबा : हसलीस! हाशम, पाहिलं? हसली!

कोकिळा : हसले नाही. आणि माणूस असता बोळात तर? शिट्टी त्याच्या छातीतून आली असती. याचा विचार केला होता?

चिंधा आबा : केला व्हता. म्हणूनच तर जेवणाची पंगत बसू दिली.

कोकिळा : अपघाताच्या आधी?

चिंधा आबा : ...म्हणजे, चाचणीच्या आधी.

कोकिळा : हाशमचाचा, तुम्ही सांगा. हेडसरांसमोर तुम्ही म्हणाल का, की भरण तुमचं पोकळ होतं? आबांचं कोणी ऐकणार नाही. साऱ्या गावाला त्यांचे वाघ माहीत आहेत. तुमचं ऐकतील.

हाशम : बेटी, असोदा, भादली, इकडं भुसावळच्या रेल्वे कॉलनीपर्यंत लोक माझ्या गादीवर झोपले. लग्नाच्या गाद्या भरल्या, बाळंतिणीच्या भरल्या. साठ सालात कोणी म्हटलं नाही की हाशमचं भरण पोकळ. माझा पोरगा अतिक आता मशीनवर बसतो, त्याला मी रोज हेच सांगतो, बेटा, भरण दाबून कर, माल कमी घालू नको. आता त्याच गावात मी उभा राहून म्हणू, माझ्या पोत्यातून छत्रीची तार आरपार गेली?

चिंधा आबा : एकदा म्हण. कोणी लक्षात ठेवणार नाही.

हाशम : सगळे लक्षात ठेवणार. गिरधर तर माइकवर सांगेल.

चिंधा आबा : मंग राहू दे. मी तुले जबरदस्ती करत नाही. धर पाय म्हणू पोरीले.

हाशम : असं नका बोलू चिंधाभाऊ.

चिंधा आबा : मंग कसं बोलू?

हाशम : ...लिही बेटी. लिही, पिंजारी हाशम याच्या हाताने कापूस ढिला भरला गेला, चूक त्याची आहे. मी सही करतो. उर्दूत चालेल ना?

कोकिळा : चालेल, चाचा. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. थांबा, हेडसर पोतं पाहतील, मी आधी पाहून घेते. कुठं काय दाखवायचं ते माहीत असावं.

चिंधा आबा : कायले पाहतेस? घाण आहे तिथं. केळीचा चीक अजून—

कोकिळा : असू द्या. आबा, खाटेचं हे टोक जरा उचला. नाही? बरं, मी उचलते.

(खाट कुंपणापासून ओढल्याचा आवाज.)

कोकिळा : आबा.

चिंधा आबा : काय?

कोकिळा : पुढून चाळण झाली आहे पोत्याची. मागून एकही भोक नाही. या निशाण्यातून एकही बाण कधी बाहेर गेलेला नाही.

हाशम : दाखव! बघू दे! ...बघा. बघा चिंधाभाऊ, दगड आहे दगड! मी म्हणत होतो ना? मी दाबून भरला होता! पायानं दाबला होता!

चिंधा आबा : हळू बोल, हाशम.

कोकिळा : बाण पोत्याच्या वरून गेले. आणि ते तुम्ही मारले नाहीत. तुमचा चष्मा महिना झाला दीपनगरला माझ्या कपाटात आहे. तुम्हाला इथून कुंपण दिसत नाही, मिशी कुठली दिसते. पोर त्या दिवशी शाळेत नव्हती.

चिंधा आबा : ...नव्हती.

कोकिळा : तीन बाण, एका मुठीत बसतील एवढ्या जागेत. तीस मीटरवरून.

चिंधा आबा : मी तिले म्हटलं व्हतं, डोळे फोड त्याचे. ती म्हने, नाही आबा, फोटो असला तरी डोळ्याले नाही मारणार मी. मिशी घेते.

हाशम : बोळात कोणीतरी बोलतंय. गिरधरचा आवाज आहे.

कोकिळा : चाचा, तुमच्याकडं दाभण असेल ना पिशवीत? जाड द्या, पोत्याला मागून तीन भोकं पाहिजेत. आबा, तुम्ही पुढच्या दारात जा आणि त्यांना ओट्यावर बसवा. काहीही सांगा, पण सावकाश सांगा.