देणाऱ्याने सोबत यायचं!

अहो, हसताय काय? मोज्यांचं म्हणतोय मी, साध्या पायातल्या मोज्यांचं! मोज्यांपायी माणसाची बोटं जाऊ शकतात, हे तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं. डोंगरसामानाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं, आणि तेही हसत हसत, 'काका, मोजा बर्फात ओला राहिला ना, की बोट आधी बधिर होतं, मग काळं पडतं, आणि मग...' आणि मग त्यांनी हाताने असं केलं. असं! मी सुट्टीसाठी भेटवस्तू विकत घ्यायला गेलो होतो हो, आणि बुटातल्या बुटात बोटं हलवून बघत बाहेर पडलो.

आता तुम्ही म्हणाल, मोजे दुसऱ्याला द्यायचे, बोटं दुसऱ्याची, तुझं काय जातं? तेच तर सांगतोय, जरा बसा! आमच्या चिऊचं लग्न झालं, छान झालं, जावई लाखात एक, व्याही देवमाणूस, विहीणबाईंना नाव ठेवायला जागा नाही... फक्त एकच. ते घर डोंगरवालं आहे! सुट्टी लागली रे लागली, की पाठीवर बोजा बांधायचा आणि वर जायचं. वर आहे काय? मी विचारलं. व्याही म्हणाले, 'काहीच नाही! तीच तर मजा!' बरं, जा बाबांनो, आमची काही हरकत? पण वर्षाखेरच्या सुट्टीआधी ही मंडळी एकमेकांना डोंगरात लागणाऱ्या वस्तू भेट देतात, आणि त्या घरचा नियम आहे, की देणाऱ्याने ती वस्तू पहिल्यांदा वापरताना सोबत यायचं! तंबू दिलात? पहिली रात्र त्या तंबूत तुम्ही. दोर दिलात? पहिलं लोंबकळणं तुमचं! वस्तू पक्की आहे की नाही, हे देणाऱ्याच्या जिवावरून कळावं, असं व्याह्यांच्या आजोबांनी घालून दिलंय म्हणे. आजोबा कसे गेले, हे मी विचारलं नाही.

मी भित्रा नाही हो. मला फक्त भीती वाटते, एवढंच.

आणि का वाटू नये? माझा धंदा काय? सोफे! तळमजल्यावर दुकान, जन्म गेला फोम, काथ्या आणि स्प्रिंगांत. माणसाच्या बुडाला काही टोचू नये, यासाठी मी राबलो. कापडाखाली एवढीशी गाठ राहिली तरी सगळं उसवून पुन्हा बसवतो. आणि हे लोक दगडावर झोपतात, हौसेनं, भाडं भरून! आमच्याकडे माळ्यावरचं काही काढायचं असलं, तर शिडीवर आमची ही चढते. मी शिडी धरतो. धरतानासुद्धा वर बघत नाही.

तर दुकानात. म्हटलं, बाई, डोंगरवाल्या माणसांसाठी काहीतरी दाखवा, पण साधंसं, ज्यात जीव जात नाही असं. तर त्यांनी डोक्याला बांधायची बत्ती काढली. 'काका, हात मोकळे राहतात!' हात मोकळे कशाला हवेत? 'धरायला!' काय धरायला? 'जे सापडेल ते!' ठेवा म्हटलं, ठेवा ती आत. मग एक छोटं खोरं. वा, झाडं लावतात वाटतं? बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आवाज खाली आणला, 'काका, ते सकाळी लागतं.' मग एक घंटी! गोड आवाज, किणकिण किणकिण, म्हटलं ही द्या, ही चालेल. 'घ्या ना, पिशवीला अडकवून चालायचं, म्हणजे अस्वलाला कळतं.' काय कळतं? 'आपण आलोय ते!' अहो, अस्वलाला कळवायचं कशाला? मी इतकी वर्षं ज्या गल्लीत राहतो, तिथे शेजाऱ्यांना कळवत नाही कधी आलो ते!

मी भित्रा नाही, पण घंटी अशी ठेवली खाली... आवाज न करता.

घरी आलो, पाय ठणकत होते, हिने गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं, पाय बुडवले आणि... डोक्यात लख्ख प्रकाश! पाय शेकायचा टब! विजेवर चालणारा, तळाला गुडगुड करणारा! डोंगरात वीज आहे? नाही! म्हणजे वापरायचा कुठे? घरी, खाली उतरल्यावर! आणि नियमाप्रमाणे देणारा सोबत हवा? हजर! सोफ्यावर बसून हजर! ही म्हणाली, 'अहो, शोभतं का हे?' म्हटलं, शोभा नंतर बघू, आधी जीव.

व्याह्यांकडे सगळे जमलो. टब उघडला. व्याही ओरडले, 'वा! काय डोकं चालवलंय! आमच्या घरात आजवर पायांचा विचार कुणी केला नाही!' विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. जावई म्हणाले, 'पण बाबा, म्हणजे तुम्ही वर येणार नाही?' मी असा चेहरा पाडला, असा पाडला... 'काय करणार जावईबापू, नियम म्हणजे नियम!' आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या हो! आणि तेवढ्यात माझं लक्ष चिऊकडे गेलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला होता.

कप उचलायच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग. 'बाबा, तुम्ही तंबू देणार होतात ना? आई म्हणाली, तुम्ही त्या दुकानात गेला होतात.' गेलो होतो बाई, कसाबसा परत आलो. 'बाबा, मी लग्नाआधी यांना सांगितलं होतं, मला डोंगर फार आवडतात.' म्हटलं, मग? आवडत नाहीत? 'आवडतात हो... लांबून!'

लांबून! अगं, मग सांगून टाक ना त्यांना, देवमाणसं आहेत! तर म्हणते, 'सांगेन. पण एकदा जाऊन आल्यावर सांगेन. न जाताच नाही म्हटलं, तर मला कायमचं वाटत राहील की भिऊन मागे राहिले. मला वाटलं, तुम्ही तंबू द्याल, म्हणजे तुम्ही असाल.' आणि तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. तुम्हाला सांगतो, पोरीचं नाक आईवर गेलंय, रंग आत्यावर गेलाय, आम्ही पंचवीस माणसांना विचारत हिंडायचो, माझं काय घेतलं हिने? ते त्या कपात वाजत होतं.

मी बाहेर आलो. तोंड उघडलं. बंद करायला हवं होतं, नाही केलं. म्हटलं, 'व्याही, टब ही अर्धीच भेट आहे. उरलेली अर्धी दुकानात राहिलीय. तंबू!' व्याह्यांनी मला मिठीच मारली हो. जमिनीपासून वर उचललं! तिथेच मला गरगरलं.

परत दुकानात. 'अरे वा, काका, आलात!' म्हटलं, बाई, तंबू द्या, उंचीला जरा कमी असलेला. 'काका, तंबू उंच नसतो. जागा उंच असते.' पैसे मोजले आणि घेतला.

आता उद्या सकाळी निघायचं. ही माझी पिशवी भरतेय आणि एका बाजूला हसतेय. मी चिऊला फोन केला. म्हटलं, हे बघ, मी येतोय खरा, पण तुझ्याहून दुप्पट घाबरलोय, माझा तुला तिथे उपयोग काय? तर काय म्हणाली माहितेय? 'बाबा, तुम्ही घाबरलात की मला तुम्हाला सांभाळावं लागेल. मग मला घाबरायला वेळच मिळणार नाही!'

म्हणजे झालं की हो! कामं वाटून झाली. व्याही वाट दाखवणार, जावई तंबू ठोकणार, विहीणबाई चहा करणार, आणि मी घाबरणार. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, न थांबता, पोरीला दिसेल असं घाबरायचं! आता या वयात इतकं हातखंडा काम आपल्याला कोण देतं, तुम्हीच सांगा!