बाबा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा

आमच्या बाबांच्या निवडणुकीची गंमत सांगते, पण त्यांच्यासमोर हसू नका हं. बाबा रत्नागिरीतले डॉक्टर. स्पेनमधल्या कॅटलोनियात एक डॉक्टर पुढारी झाला, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि तेही म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला उभे राहिले. घरोघरी त्यांचे रोगी, तरी ते सपशेल पडले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना नेहमीसारखाच भरला. तात्या खोतांनी औषधाची बाटली पुढे केली.

"डॉक्टर, मी तुम्हाला मत दिलं नाही हो. आळीत कुणाला देऊही दिलं नाही."

"अहो, पण का?"

"तुम्ही तिकडे सभेत जाऊन बसलात, तर माझ्या खोकल्याकडे कोण बघणार?"

बाबांनी बाटली भरून दिली. नेहमीचा गोड पाक मात्र त्यांनी त्यात घातला नाही.