लसूण जळाला तर सांगा

माझं माहेर धुळ्याकडचं, लहान खेडं, घरी ज्वारी-कपाशी, अन् मी शिकले चौथीपर्यंत, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती अन् मला तर कोणी नाव विचारलं तरी रडू यायचं. पाहुणे आले की मी कोठीच्या मागे. माय त्यांना सांगायची, मन्ही आंडेर बोलस नही, रांधस. म्हणजे माझी मुलगी बोलत नाही, रांधते. तेव्हा मला लाज वाटायची, पण खरंच होतं ते. बोलायला माझ्याकडे कधी काही नसायचं, पण गरम खिचडी वाढली, वर लसणाचं तेल ओतलं, की समोरचं माणूस आपोआप दोन गोष्टी सांगायचं, अन् मी नुसती ऐकत बसायची.

लग्न होऊन इकडे नशिराबादजवळ आले तेव्हाही तेच. इथली बोली वेगळी, मला ‘आहे’ऐवजी शे म्हणायची सवय, मोठ्या जाऊबाई कमलअक्का चिडवायच्या, काय व शोभा, तुझं शे-शे संपलं का. पण त्यांनीच मला भरीत शिकवलं. तुम्ही खाल्लं असेल इकडचं भरीत, पण करताना पाहिलंय का? हिरवी-पांढुरकी मोठी वांगी, शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, साल काढायची, अन् लाकडी बडगीत, लांबट पाटासारखी असते ती, हिरव्या मिरच्या टाकून ठेचायची, मग शेंगदाण्याची, लसणाची फोडणी अन् कांद्याची पात. वांगं आतून शिजलं की धुराचा वास बदलतो, त्यावरच सगळं. दर हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत व्हायचं, यांचे मित्र, अक्कांच्या घरचे, शेजारपाजार, अन् सगळे म्हणायचे भरीत शोभानेच करायचं. काय सांगू तुम्हाला, वर्षभर मी त्या दिवसावर जगायची.

तर मागच्या पावसाळ्यात मला ताप आला, सर्दी झाली, बरी झाले, अन् एक दिवस ओट्याशी उभी होते तर हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, दूध लागलं वाटतं. मी पाहिलं तर पातेलं खालून काळं झालेलं, अन् मी त्याच्यासमोरच उभी. तेव्हा कळलं. मग मी हिंगाची डबी हुंगली, रॉकेलची बाटली हुंगली, कशाचाच वास नाही. जिभेला खारट-तिखट लागायचं, पण बाकी सगळं जेवण म्हणजे ओला कागद चावल्यासारखं.

मी कोणाला सांगितलं नाही. अहो, माझ्याकडे माणसं येतात ती जेवायला येतात, माझं बोलणं ऐकायला थोडी येतात? मला वास येत नाही कळलं तर अक्का म्हणतील राहू दे, तू बस, आम्ही करतो, अन् मी बसून काय करणार, कोणाशी काय बोलणार? तेव्हापासून जी तगमग सुरू झाली ती झालीच. रंग पाहून भाजायची, तेलाचा आवाज ऐकून फोडणी द्यायची, झाकण उघडायची परत ठेवायची परत उघडायची. यांना विचारायची, कसं झालं. चांगलं. हे असेच पहिल्यापासून, ताटात शिळं वाढलं तरी चांगलं, पुरणपोळी वाढली तरी चांगलं. मी म्हणायची, अहो नीट सांगा ना. हे म्हणायचे, सांगितलं ना चांगलं म्हणून.

हिवाळा आला, भरताचा दिवस ठरला. हे लोकांना आणायला गेले, कमलअक्का दुसऱ्या बांधावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होत्या, अन् मी विहिरीजवळ एकटी. तिथे काड्यांचे दोन ढीग होते. रोजचा ढीग लांब होता, अन् मोटरच्या खोलीशेजारचा जवळ, चांगला कोरडा, म्हणून मी तोच ओढला. आता त्या ढिगावर फवारणीचा पंप पालथा पडून औषध सांडलं होतं ते मला काय माहीत? नाकवाल्या माणसाला काडी उचलतानाच कळलं असतं. मी जाळ केला, वांगी मांडली, उलटी केली, सालं काळी झाली, पाणी सुटलं, मला वाटलं किती छान भाजली. डोळे चुरचुरत होते, म्हटलं धूर आहे. अर्धी वांगी ठेचूनही झाली, तेवढ्यात अक्का नाकाला पदर लावून पळत आल्या.

अगं काय जाळू राह्यली तू, औषधाचा वास येऊ राह्यला, तुला येत नाही का?

मी हातातलं वांगं खाली ठेवलं. मागे गाडी थांबली, सगळे उतरले, यांचे मित्र, त्यांच्या बायका. अक्कांनी वांगं उचललं, हुंगलं, फेकलं. शोभा, लोकांना मारशील व. मग मी बोलले. मला वास येत नाही अक्का, पावसाळ्यापासून येत नाही. इतक्या माणसांसमोर मी एवढं कधी बोलले नव्हते.

मग अक्का म्हणाल्या, म्हणजे दिवाळीचा फराळ असाच केला? मी म्हटलं, असाच. त्या म्हणाल्या, तरीच, शेवेत एवढा ओवा होता, आम्ही म्हटलं हिच्या घरात कोणाचं पोट बिघडलं. सगळे हसले. मला हसावं का रडावं कळेना.

यांनी खड्डा खणला, ते भरीत, ती वांगी, राख, सगळं पुरलं, गुरांनी तोंड लावू नये म्हणून. बडगीसुद्धा टाकून दिली. मित्र शेजारच्या मळ्यातून वांगी तोडून घेऊन आले. मी बाजूला जाऊन बसले होते, मनात म्हटलं झालं, आता यापुढे हीच आपली जागा. तर अक्का ओरडल्या, तिकडे काय बसली पाहुणीसारखी, ये इकडे, फोडणी कोण देणार? भाजली त्यांनी, ठेचलं मी, शेजारून आणलेल्या परातीत, अन् फोडणी दिली.

वाढलं. जो तो म्हणे, मस्त, वा वहिनी, मस्त. मला एकाचाही शब्द खरा वाटेना. दया आली असेल तर माणूस मस्तच म्हणेल की. यांनी घास घेतला, चावला, माझ्याकडे न पाहता म्हणाले, लसूण जळाला तुझा.

अक्का म्हणाल्या, अहो भाऊजी, इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते हे बोलायला? मला मात्र काय वाटलं ते कसं सांगू ताई. जो माणूस जळालं म्हणतो तो चांगलं म्हणेल तेव्हा ते चांगलं असेल ना. मी उठले, दुसरी फोडणी केली, यांच्या ताटात आधी ओतली. यांनी चावून चावून खाल्लं. म्हणाले, आता बरं आहे. बरं म्हणाले, चांगलं नाही म्हणाले. मग मी सगळ्यांना वाढलं.

वास अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणतात येईल, न येईल. कधी कधी बसल्या जागी काहीतरी जळाल्याचा वास आल्याचा भास होतो, मी धावत जाते तर गॅस बंद. अशी झोपेतून पण उठते, चैन पडत नाही. अन् हे आता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात, जिरं कच्चं आहे, पीठ भाजलं नाही, आता उतरव, नुसता जीव खातात. भांडणं होतात आमची. होऊ दे. माणसं येतात, जेवतात, देवानं तेवढं चालू ठेवावं.

तुम्ही पिठलं खाऊन जा. पण लगेच चांगलं म्हणू नका. आधी नीट चावा, मग सांगा. काही चुकलं असलं तर मी परत टाकीन, वेळ कितीसा लागतो.