देविदास सरांचा भरलेला तास

पुरस्कार दिला तर सोबत वर्गबी द्यायचा की हो! नुस्ती शाल पांघरून माणसाची थंडी जाते व्हय? तुम्हाला सांगतो, आमच्या शिरूर अनंतपाळकडच्या कॉलेजात देविदास सर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात... शिकवतात म्हणजे काय, घंटा झाली की इस्त्रीचा शर्ट, हातात खडू, खणखणीत आवाज, अन् समोर बाकडे! नुस्ते बाकडे! मी मराठीचा, शेजारच्याच वर्गात, माझ्याकडंबी तेच. पण मी आपला पेपर वाचत बसतो, ह्या माणसाला ते जमतच न्हाई! पोरं समदी लातूरला क्लासला, आमच्याकडं फक्त नाव लावलेलं. मग सांगा, शिकवायचं कुणाला?

बरं, घरी जावं तर तिथंबी सामसूम! पोरगी शिवांगी लातूरला, अन् तिला गरम जेवण पाहिजे म्हणून सत्यशीलावैनीनं तिथंच खोली केलेली. फिजिक्सच्या मास्तरची पोरगी फिजिक्सच्या क्लासला, बोला! एकदा सरांनी फोनवर भीत भीत विचारलं, "बेटा, एखादा धडा मी सांगू का?" तर म्हणती, "पप्पा, तुमी चांगलंच सांगता, पण उद्या टेस्ट हाय ना... ठेवू?" ठेवला की! मग माणूस सकाळचीच भाकर रात्री खातो अन् पातेल्याला गुरुत्वाकर्षण समजावत बसतो. लई एकटा पडला हो गडी. शिकवायचं कुणाला?

अन् अशात 'उत्कृष्ट अध्यापन' पुरस्कार! का? तर गेल्या साली बारावीचा निकाल शंभर टक्के! संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव माईकवर गरजले, "ही पोरंबी सरांनीच घडवली!" सर खुर्चीत आक्रसून बसले. कारण ती पोरं सरांनी त्या दिवशीच पहिल्यांदा बघितली! 'सत्काराला या, न्हाईतर हॉलतिकीट मिळणार न्हाई' असा दम देऊन लातूरहून गाड्या भरून आणलेली...

पण भरलेला मांडव दिसला अन् माणूस पालटला! "दोन शब्द बोला" म्हणले, तर सरांनी शालीच्या टोकाला सत्काराचा नारळ बांधला, मांडवाच्या आडव्या बांबूला टांगला अन् दिला झोका! "सांगा, नारळ जड घेतला तर झोका लवकर येईल का उशिरा?" आधी एक हात, मग दहा, अण्णारावबी म्हणले, "लवकर!" "न्हाई साहेब, वजनानं फरक पडत न्हाई, लांबीनं पडतो!" अन् शाल आखूड केली तर नारळ लगालगा हलाय लागला. काय टाळ्या, काय शिट्ट्या! सरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले, क्लासची वेळ झाली, पोरं पळाली. एकच पोरगी मागं राहिली, रेणुका, भाषणभर मान खाली घालून टेस्टचं पाठ करत बसलेली. सरांचं काळीज सुपाएवढं झालं.

"सर, असं आमाला कुणीच न्हाई सांगितलं. तुमी कोणत्या क्लासला असता? मला ॲडमिशन घ्यायचीय."

"अगं, तुझ्याच कॉलेजात! रोज असतो, ये की!"

पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"हाव का? मग राहू द्या सर... तिथं तर माझी ॲडमिशन हायच की!"