जेवून आलोय

एक चिनी वाक्य पाठ व्हायला मला आठ दिवस लागले. मी वाळूजच्या कारखान्यात वॉचमन. मशीन बसवायला आलेला ली दुसऱ्या दिवशी मायदेशी निघणार होता. त्याला घरी जेवायला बोलवायचं होतं, तेही त्याच्याच भाषेत. गेटवर ताठ उभा राहून म्हणालो, "वो छिंग नी छ फान."

इथं वर्षभरात कामगारांकडून शिकलेल्या मराठीत तो म्हणाला, "नको बाबा, जेवून आलोय."

पुढं आग्रह करण्यापुरतं चिनी मला येत नव्हतं, अन् मराठीत तो ऐकेना. मग हात धरून रिक्षात बसवला. घरी त्यानं चार भाकरी खाल्ल्या.

"जेवून आला होतास ना रं?"

"पहिल्या दिवशी मी डबा पुढं केला, तेव्हा तुम्ही पण हेच म्हणाले. मग अर्धा डबा संपवला."