बाही चार बोटं आखूड

(क्रीडासंकुलातली प्रेक्षकांची सगळ्यात वरची रांग. खाली ज्युनियर ज्युदोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू आहे. बाबांच्या कानाला फोन. पलीकडे घरून आई. शेजारच्या खुर्चीत एक अनोळखी आजोबा.)

बाबा : चार बोटं! बाही मनगटाच्या चार बोटं वर! तपासणीच्या टेबलावर त्या बाईंनी पट्टी लावली, माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. तेवीस वर्षं कोचिंग करतोय मी, असा अपमान कधी झाला नव्हता.

आई : अपमानाचं नंतर. तिला खेळू देणार आहेत का?

बाबा : देणार गं. किट त्यांच्याकडचं, उसनं. खेळाडूला काही नाही, शिक्षा कोचला! आज दिवसभर मॅटशेजारच्या खुर्चीत बसायचं नाही. खेळाडूचा पोशाख मापात नसेल तर कोच बाहेर, असा नियमच आहे.

आई : अगंबाई.

बाबा : अगंबाई काय! पार छताला टेकलोय मी. इथून पोरगी अंगठ्याएवढी दिसते. आणि ते किट तू धुतलं होतंस ना?

आई : दर वेळी मीच धुते. तुम्ही धुतल्याचं मला तरी आठवत नाही.

बाबा : थांब, आली मॅटवर. वाकून नमस्कार झाला... कॉलर धर! कॉलर! डावा पाय! अगं, डावा!

आजोबा : अहो, जरा बसून घ्या. तिला ऐकू जात नाहीये, पण मला जातंय.

बाबा : माफ करा हं. मुलगी आहे माझी. पांढऱ्या किटमधली.

आजोबा : असं का? निळ्यातली माझी नात.

बाबा : ...छान खेळते हो.

आजोबा : खेळत होती. आता तुमच्या मुलीने तिला जमिनीवर दाबून धरलंय.

बाबा : खाली कशाला गेली? जमिनीवर जाऊ नकोस म्हणून शंभरदा सांगितलंय... वीस सेकंद धरून ठेवलं की मॅच आपली... झाले? झाले! अगं, ऐकलंस का? जिंकली! बघ, शिकवलेलं वाया जात नाही.

आई : पण तुम्ही तर जमिनीवर जाऊ नको असं शिकवलंय.

बाबा : ते आपलं साधारणपणे. बरं, ऐक. आता थेट ब्राँझ मेडलची मॅच. दहा मिनिटं आहेत. मी खाली जातो आणि हातापाया पडून खुर्ची मागून घेतो. मेडलच्या मॅचला कोच नाही म्हणजे काय!

आई : जाऊ नका.

बाबा : सांगतो त्यांना, घरच्यांची धुण्यात चूक झाली म्हणून.

आई : चूक नाही झाली.

बाबा : म्हणजे?

आई : उकळत्या पाण्यात घातलं मी. दोनदा. पांढरं पण आणि निळं पण. निळ्याचा रंगही गेला थोडा.

बाबा : डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

आई : तिनेच सांगितलं. नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं मला. कोचला एक दिवस बंदी, खेळाडूला काही नाही. ते पुस्तक तिच्याकडून पाठ तुम्हीच करून घेतलंत.

बाबा : म्हणजे मायलेकींनी मिळून माझा काटा काढलात!

आई : एका दिवसापुरता.

बाबा : पण का?

आई : मागच्या वर्षीची मेडलची मॅच आठवा.

बाबा : लक्ष उडालं तिचं. सगळ्या क्लबला माहितीये.

आई : तुम्ही सांगितलंत म्हणून माहितीये. तुम्ही ‘उजवीकडे’ म्हणून ओरडलात, तिने मान वळवून तुमच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्या मुलीने तिला उचलून आपटलं. त्याचा व्हिडिओ आहे तिच्याकडे. आवाज बंद करून बघते ती.

बाबा : आवाज बंद का?

आई : मला म्हणाली, आई, एक दिवस एकटीने खेळून बघायचंय. मला ज्युदो येतं की नुसतं बाबांचं ऐकता येतं, ते तरी कळू दे. नसेल येत तर इथून आल्यावर सोडून देणार. परत किट अंगाला लावणार नाही.

बाबा : मग मला सांगायचं होतं.

आई : कधी? तुम्ही बोलायचे थांबता तेव्हा?

आजोबा : आली हो तुमची मुलगी. समोरची जरा दांडगी दिसते.

बाबा : खुर्ची रिकामीच आहे. दुसऱ्या कोचनाही नको म्हणाली वाटतं.

आई : काय चाललंय? मला सांगत राहा.

बाबा : पकड घेतेय. सुटली. परत घेतली... अगं, ती समोरची सगळा भार डाव्या पायावर टाकतेय! ढळढळीत दिसतंय! हिला कसं दिसत नाही?

आई : मग ओरडा.

बाबा : नाही ओरडत.

आजोबा : नका ओरडू, पण माझा गुडघा सोडा.

बाबा : माफ करा, माफ करा. लक्षात नाही आलं. वेळ संपली गं. बरोबरी! आता पहिला गुण जिचा, तिचं मेडल. पंचांनी थांबवलंय, हिचा पट्टा सुटलाय. बांधतेय... अरे देवा.

आई : काय झालं?

बाबा : वर बघतेय. एकेक रांग बघत नजर वर नेतेय. मला शोधतेय ती.

आजोबा : अहो, हे काय? काही पडलं का तुमचं?

बाबा : श्श! खालून मी दिसतोय का?

आजोबा : पाय आत घ्या थोडे. आता नाही दिसत.

आई : कुठे आहात तुम्ही? आवाज असा का येतोय?

बाबा : खुर्चीखाली. मी दिसलो तर ती नजरेनेच विचारेल आणि मी सांगून बसेन. हाताने, मानेने, कशानेही. मला ओळखतेस ना तू.

आई : चांगली ओळखते.

बाबा : आजोबा, अजून बघतेय का?

आजोबा : नाही, पंचांनी बोलावलं. झाली सुरू. दोघी अडकल्यात एकमेकींत. तुमची मागे सरकतेय.

बाबा : मागे नको! मागे... नाही, मी काही बोललो नाही. सरकू दे तिला.

आजोबा : सरकतेय, सरकतेय... अरेच्चा!

बाबा : कोण पडलं? सगळे ओरडतायत. अहो, कोण पडलं?

आजोबा : या बाहेर. दांडगी पडली, चांगली पाठीवर. तुमची तिला हात देऊन उठवतेय.

आई : हॅलो? मला कोणी काही सांगणार आहे का?

बाबा : जिंकली. एकटीने जिंकली गं पोरीने.

आई : रडताय का?

बाबा : रडतोय. काय करू?

आई : रडा हो. मी तरी दुसरं काय करतेय? पण पाडलं कसं तिने? कुठला डाव टाकला?

बाबा : मी खुर्चीखाली होतो. मला काय माहीत?

आजोबा : मी सांगतो ना. आधी ती मागे सरकली, मग तिने...

बाबा : नको, आजोबा. खाली जाऊन तिलाच विचारतो.